औंधच्या राजानें सोडलेली सत्ता

हंगेरी देशांत काउंट मिहाय कारोयी या नांवाचा एक मोठा जमीनदार होऊन गेला. १९१९ सालच्या फेब्रुवारींत, देशाचा अध्यक्ष असतांना, त्यानें कापोल्ना येथील स्वतःची जमीन कुळांना वाटून देण्यास प्रारंभ केला. आणि महिनाभरांतच सत्ता त्याच्या हातून गेली. पुढें आयुष्याचा बहुतेक काळ परदेशांत काढून तो १९५५ सालीं फ्रान्समध्यें वारला. पडत्या काळांत केलेलें दान, असें त्याला कोणी म्हणेल. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींची गोष्ट निराळी आहे. त्यांनीं सत्ता सोडली ती गादीवर स्थिर बसलेले असतांना.

भवानरावांचा जन्म १८६८ चा. डेक्कन कॉलेजांतून ते बी. ए. झाले आणि १९०९ सालीं गादीवर बसले. संस्थान बहात्तर गांवांचें, तेंहि तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेलें. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे. राजा मात्र हौशी आणि हट्टी. ते उत्तम चित्रें काढीत, कीर्तन करीत. सूर्यनमस्कारांवर त्यांनीं पुस्तक लिहिलें एवढेंच नव्हे, तर शाळांतील मुलांनाहि नमस्कार घालावयास लाविले. १९१० सालीं बेळगांवांतून उठलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जागा दिली ती यांनींच. १९३५ सालीं इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. प्रजेचें हित राजाला कळतें, अशी त्यांची जुनी श्रद्धा होती. आणि असा वडीलधारा राजाच लोकांना अधिकार देण्यास सहसा नाखूष असतो.

परंतु काळ पालटत होता. १९३६ च्या डिसेंबरांत आपल्या खानदेशांतील फैजपुरास राष्ट्रसभेचें पहिलें ग्रामीण अधिवेशन भरलें. १९३८ सालीं राजकोट व हैदराबाद येथें संस्थानी प्रजा सत्याग्रहास उभी राहिली. औंधास हा विचार राजवाड्यांतच वाढला. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले पुत्र अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन हा पोलिश इंजिनिअर यांनीं वृद्ध राजाचें मन वळविलें. दोघेहि सेवाग्रामास गांधीजींकडे गेले, आणि त्यांच्या सल्ल्यानें घटना तयार झाली. २१ जानेवारी १९३९ रोजीं ती जाहीर झाली.

तिची मांडणी खालून वर जाणारी होती. गांवानें पांच पंच निवडावेत, पंचायतींतून तालुक्याची समिति व्हावी, आणि तेथून प्रतिनिधि विधिमंडळांत जावेत. राजाच्या खाजगी खर्चालाहि मर्यादा पडली. सत्तरी ओलांडलेल्या माणसानें जन्मभराची संवय अशी मोडणें सोपें नव्हे. त्याच वर्षीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. तेथें भिंती नव्हत्या. कैद्यांनीं शेती करावयाची. हा प्रयोग फसला असता तर हंसें सर्वप्रथम राजाचेंच झालें असतें. व्ही. शांतारामांच्या ‘दो आंखें बारह हाथ’ या १९५७ सालच्या चित्रपटाला याच वसाहतीवरून कल्पना मिळाली. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यांतील भूमिगत कार्यकर्त्यांना औंधच्या हद्दींत आसरा मिळे, हें ब्रिटिशांना फारसें मानवणारें नव्हतें.

८ मार्च १९४८ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि नऊ वर्षांची ती घटनाहि त्याबरोबर संपली. भवानराव १३ एप्रिल १९५१ रोजीं वारले. गांव, तालुका आणि जिल्हा अशा पायऱ्यांची पंचायत राज्यव्यवस्था महाराष्ट्रांत सुरू झाली ती १ मे १९६२ रोजीं.