वाफसा, औत आणि उत्तरपत्रिका

दोन वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात संत सावता माळी शिकवताना ‘वाफसा’ या शब्दापाशी आमची पंचाईत झाली. शब्द अभंगातला नव्हता, चर्चेच्या ओघात कुणीतरी वापरला होता. आम्ही दोघे हा पेपर मिळून शिकवतो. दोघांनीही कोशातला अर्थ तत्परतेने सांगून टाकला : पेरणीस योग्य अशी जमिनीतील ओल. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, ओल म्हणजे वाफसा नाही. ओल चिखलातही असते.” ती माढ्याकडची, म्हणजे सावतोबांच्या अरणच्याच तालुक्यातली. घरी भाजीपाला. तिने हवेतच मूठ वळून दाखवली. माती मुठीत दाबायची, तिचा गोळा झाला पाहिजे, आणि हातातून सोडल्यावर तो फुटलाही पाहिजे. बोटांतून पाणी सुटले तर थांबायचे. गोळाच झाला नाही तर आधी पाणी द्यायचे.

त्या दिवशी वर्गात शिकवणे झाले ते तिचे. आमच्या वाट्याला आली ती थोडी शरम, आणि एक प्रश्न. मुठीत राहणाऱ्या या विद्येला आपल्याकडच्या शाळेने आत कधी घेतलेच नाही काय?

घ्यावे, असे म्हणणारा आवाज मात्र फार जुना आहे. १८८२ च्या ऑक्टोबरात जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी म्हणून ते सर्वांना ठाऊक असते. अभ्यासक्रमाचा परिच्छेद मात्र आमच्यासारखे मराठीचे लोक सहसा चाळून पुढे जातात. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख यांच्याबरोबर जोतीराव शेतीचे प्राथमिक ज्ञान मागतात. त्यापुढे ते जे मागतात ते आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते : या धड्यांना जोडून एक लहानसे नमुन्याचे शेत असावे आणि मुलांना तेथे प्रत्यक्ष शिकवावे. खेड्यातल्या शाळेत विषय थोडे असले तरी चालतील, पण व्यवहाराला कमी पडणारे नकोत, असा त्यांचा रोख आहे. शेत खरोखर नीट चालवले तर, ही अटही ते घालून ठेवतात. निवेदनात त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली आहे. ही अट त्यातल्या शेतकऱ्याला सुचली असावी, असा आमचा तर्क. फुलांच्या धंद्यावरून ज्या घराला आडनाव मिळाले, त्या घरातल्या माणसाला निगराणीवाचून बागेचे काय होते हे सांगावे लागत नाही.

पुढल्याच वर्षी, १८८३ मध्ये, ‘शेतकऱ्याचा असूड’ सिद्ध झाला. त्यात जोतीराव एक पाऊल पुढे जातात. श्रावणात प्रदर्शने भरवावीत, आश्विनात पिकांची आणि औते हाकण्याची परीक्षा घ्यावी आणि उत्तम ठरणाऱ्या शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत, अशी सूचना ते करतात. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. परीक्षा या गोष्टीला जोतीरावांचा विरोध नाही. त्यांना ती हवी आहे, पण शेतात, हंगाम पाहून, औताच्या मागे उभे राहून. उत्तरपत्रिकेतून औत हाकता येत नाही, एवढी साधी गोष्ट त्या सूचनेत आहे.

सरकारी पातळीवर तोवर काहीच नव्हते असे नव्हे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८७९ पासून शेतकीचे वर्ग होते. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वतंत्र शेतकी महाविद्यालयही उभे राहिले. त्या संस्थेचे काम मोठे आहे. पण तेथवर पोहोचायला आधी इंग्रजी शाळा पार करावी लागे, आणि जोतीराव बोलत होते ते गावच्या शाळेतल्या पोरांविषयी. दोन टोकांमधली ती जागा रिकामीच राहिली.

ती भरण्याचा गंभीर प्रयत्न व्हायला १९३७ साल उजाडले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि ‘नई तालीम’चा आराखडा तयार झाला. नई तालीम म्हटले की टकळी आठवते. पण मूलोद्योगांच्या यादीत कताई-विणाई, सुतारकाम आणि शेतीबरोबर फळबाग व भाजीपाला हाही एक उद्योग होता. समितीचे वेळापत्रक आम्ही मुद्दाम पाहिले. साडेपाच तासांच्या दिवसात मूलोद्योगाला तीन तास वीस मिनिटे, आणि मातृभाषेला चाळीस मिनिटे! मराठीचे अध्यापक म्हणून प्रथम आम्ही दचकलो. मग लक्षात आले की कल्पना उलटी आहे. वाफ्याची लांबी-रुंदी मोजताना गणित, खताविषयी बोलताना विज्ञान, आणि हे सारे बोलून-लिहून ठेवताना भाषा. चाळीस मिनिटे भाषेच्या तासाची. भाषा मात्र दिवसभर. जोतीरावांच्या मागणीत शेत शाळेला जोडलेले होते, येथे शाळाच वाफ्यावर उभी करायची होती. हा भेद लहान नाही. तरीही माती दोन्हीकडे खरी होती.

मग ती कागदाची केव्हा झाली? याचे उत्तर आम्ही आमच्या अनुभवातून देऊ शकतो. कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ सुचवला आणि आमच्या पिढीच्या वेळापत्रकात तो शुक्रवारच्या शेवटच्या तासाला येऊन बसला. शाळेचे नाव घेण्याचे कारण नाही; अशा पुष्कळ होत्या. बागकाम हा आमचा उपक्रम होता. आम्ही खुरपे, झारी आणि कुदळ यांची चित्रे वहीत चिकटवली, खाली ‘उपयोग’ लिहिले आणि वीसपैकी अठरा गुण मिळवले. शाळेमागे एक वाफा होता. त्याला पाणी शिपाईमामा घालत. आमच्यापैकी एकाचेही नख काळे झाले नाही, आणि यात काही चुकते आहे असे कुणाला वाटलेही नाही.

दोष केवळ आळसाचा नव्हता. बागेचे पंचांग आणि शाळेचे पंचांग जुळत नाही. वांगी-मिरचीचे रोप गादीवाफ्यावर पाच-सहा आठवडे वाढते, मग पुनर्लागण; ऐन काळजीच्या दिवसांत सहामाही परीक्षा येते, आणि पाठोपाठ दिवाळीची सुट्टी. पाण्याची सर्वाधिक गरज असते तेव्हा, एप्रिल-मे मध्ये, शाळेला कुलूप. आणखी एक कारण आहे, ते बोलायला जड जाते. मातीत हात घालणे हे ज्यांच्या जातीचे काम मानले गेले, त्यांची मुले त्यातून सुटण्यासाठीच शाळेत येत होती. आणि ज्यांच्या घरात ते काम कधीच नव्हते, त्यांना ते शिकण्याची गरज वाटत नव्हती. वही दोघांनाही सोयीची पडली.

शाळेने सोडलेली ही विद्या शाळेबाहेर मात्र जगत राहिली. श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’त तासगावकडच्या द्राक्षबागाईतदारांनी एकमेकांच्या बागेत शिकून घेतले; शिक्षक आणि विद्यार्थी तेच. शहरात, मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी या शतकाच्या आरंभी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली आणि पुढे इतरांना ती करून शिकवली.

गेल्या पावसाळ्यात आम्हीही अशाच एका रविवारच्या वर्गाला गेलो. शिकवणारे माळीमामा साठीचे, शाळा चौथीपर्यंत. पहिल्याच दिवशी टोमॅटोचे रोप उचलताना त्यांनी आम्हांला थांबवले. “सर, दांडीला धरू नका. पानाला धरा. पान गेलं तर दुसरं येतं.” बी किती खोल पेरायचे, असे विचारल्यावर ते म्हणाले, “त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. पट्टी कशाला पाहिजे?” वाफशाची मूठ त्यांनी आमच्याकडून सात-आठ वेळा वळवून घेतली आणि प्रत्येक वेळी मान हलवली. नवव्या वेळी काहीच बोलले नाहीत. ते उत्तीर्ण झाल्याचे लक्षण, हे सोबतच्या बाईंनी आम्हांला सांगितले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी स्थानिक कारागिरांकडे काम शिकावे, आणि त्या कारागिरांत सुतार-कुंभारांबरोबर माळ्याचाही उल्लेख आहे. धोरणाच्या पानावर माळी शिक्षक म्हणून येतो, याचा आम्हांला मनापासून आनंद झाला. आम्ही माळीमामांना हे सांगितले. त्यांनी दहा दिवस बोटांवर मोजले. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते, भाजीला यायला पंचवीस-तीस दिवस लागतात. दहाव्या दिवशी तिला जेमतेम पहिले खरे पान फुटलेले असते.

“मग अकराव्या दिवशी पाणी कोण घालणार?” त्यांनी विचारले.