सायलेन्सचे मराठी

इंदूरच्या मराठी संस्थांत शोकसभा झाली की तिचा ठराव बहुधा दोन भाषांत लिहावा लागतो. एक प्रत संस्थेच्या दप्तरात राहते, दुसरी हिंदी वृत्तपत्रांकडे जाते. मुख्याध्यापक आणि त्यातून मराठीचा एम. ए., म्हणून हे काम पुष्कळदा माझ्या गळ्यात पडते. मराठी ठरावात मी लिहितो, 'सभेने दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहिली.' हिंदीत लिहितो, 'दो मिनट का मौन रखा गया.' प्रसंग एकच, माणसे तीच, पण मराठीत आम्ही खांबासारखे उभे राहिलो आणि हिंदीत मुनी झालो. स्तब्ध आणि स्तंभ यांचा धातू एक. मौन म्हणजे मुनीचा भाव.

हा प्रकार मुळात आपला नव्हे. आपल्याकडे मरणाच्या दारी आक्रोश असे, नामघोष असे. घड्याळ लावून उभे राहणे नव्हते. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिले महायुद्ध थांबले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहरात दुपारच्या तोफेनंतर काही क्षण सारे व्यवहार थांबवून सैनिकांचे स्मरण करण्याची प्रथा पडली होती. सर पर्सी फिट्झपॅट्रिक यांनी ती कल्पना लंडनला कळवली, आणि १९१९ च्या ११ नोव्हेंबरला पाचव्या जॉर्ज बादशहाने साऱ्या साम्राज्याला दोन मिनिटांची विनंती केली. ती विनंती नुसती न बोलण्याची नव्हती. नेहमीचे सर्व व्यवहार थांबावेत, ये-जा थांबावी आणि त्या निश्चलतेत मृतांचे स्मरण व्हावे, असा तिचा आशय होता. इंग्रजीत त्या प्रथेला नाव पडले 'टू मिनिट्स सायलेन्स', म्हणजे इंग्रजीने फक्त आवाजाचा भाग उचलला. थांबण्याचा भाग मराठीच्या 'स्तब्ध'मध्ये शिल्लक राहिला. ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता हुतात्म्यांसाठी दोन मिनिटे पाळली जातात, तेव्हा मी मुलांना हे सांगतो. चालता चालता तोंड मिटले तर ते मौन होईल, स्तब्धता होणार नाही.

हिंदीला 'मौन' जवळचे वाटावे याला कारणे आहेत. उत्तरेत मौनी अमावास्येच्या स्नानाचे महत्त्व घरोघर ठाऊक असते; आपल्याकडे तिचे नाव क्वचित निघते. पुढे गांधीजींचा सोमवारचा मौनवार देशभर माहीत झाला. गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून दोनदा आले ते इंदूरलाच, १९१८ आणि १९३५ साली. गंमत अशी, की त्याच १९३५ साली मराठी साहित्य संमेलनही इंदुरात भरले आणि औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी त्याचे अध्यक्ष होते. एका वर्षात दोन भाषांची संमेलने भरवणाऱ्या गावात शब्दांची सरमिसळ झाली नसती तरच नवल!

त्या सरमिसळीचा मासला म्हणजे 'गप्प'. मराठी आई मुलाला दटावते, 'गप्प बस!' शेजारच्या हिंदी घरात 'गप' म्हणजे थापा आणि गोष्टी. फारसीतही गप म्हणजे बोलणेच. आपण स्वतः गप्पा मारतो आणि गप्पही बसतो, त्याचे आपल्याला काही वाटत नाही. हिंदी मुलाला मात्र वाटते, की ही बाई आपल्याला गप्पा मारायला बसवते आहे.

सीमाभागातल्या वाचकांसाठी आणखी एक जोडी सांगतो. कन्नडात 'सुम्मने' म्हणजे गप्प, आणि 'सुम्मने' म्हणजे सहज, काही कारण नसताना. मराठीत रडणाऱ्या तान्ह्याला आपण 'उगी, उगी' म्हणतो आणि विनाकारण केलेल्या गोष्टीला 'उगाच'. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषांनी निःशब्द आणि निष्कारण यांना एकाच घरात ठेवले, हे मला कोणत्याही व्याकरणापेक्षा अधिक गोड वाटते.

इंग्रजीत 'सायलेन्स'ला भावंडे नाहीत असे नाही. बाळासाठी 'हश', खोलीसाठी 'क्वाएट', हालचाल थांबली की 'स्टिल'. हे 'स्टिल' आपल्या 'स्तब्ध'च्या बरेच जवळचे. परंतु 'अबोला' इंग्रजीत एका शब्दात आणून दाखवावा! 'नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स' असे चार शब्द खर्ची पडतात, तरी त्यातला रुसवा आणि वाट पाहणे निसटतेच. मौन एकट्याने पाळता येते, अबोल्याला मात्र दोघे लागतात. 'शुकशुकाट' तर माणसांचा नव्हे, जागेचा. जिथे वर्दळ असायला हवी तिथे ती नसली म्हणजे शुकशुकाट. जंगलात शुकशुकाट नसतो. हिंदीचा 'सन्नाटा' बाजारालाही चालतो आणि रानालाही. इंदुरातल्या मराठी घरांतली आजची मुले 'चुप' आणि 'सन्नाटा' एवढ्यावर भागवतात, हे मी रोज ऐकतो. 'आई-बाबा बात नहीं कर रहे' असे घरात सांगणाऱ्या मुलाला अबोला कळतो, पण त्याचे नाव ठाऊक नसते. नाव नसले की तो सोडवायची रीतही हातून जाते, असे माझे मत आहे.

विजय तेंडुलकरांचे १९६७ सालचे नाटक तीन भाषांत तीन नावांनी वावरले. मराठीत 'शांतता! कोर्ट चालू आहे', हिंदीत 'खामोश! अदालत जारी है', इंग्रजीत 'सायलेन्स! द कोर्ट इज इन सेशन'. 'शांतता' हे नाम आहे. कोर्टात ती असावी, एवढेच ते म्हणते. 'खामोश' थेट माणसाच्या अंगावर येते. इंग्रजी शब्द नामही आहे आणि हुकूमही. माझ्या मते मराठी नावच सर्वांत भयंकर, कारण त्यात कोणीच कोणाला दटावत नाही. लीला बेणारे ही शिक्षिका. लुटुपुटीच्या खटल्यात तिच्यावरचे आरोप खरे होत जातात तशी ती उत्तरे देईनाशी होते. शेवटी ती भरभरून बोलते, तेव्हा रंगमंचावरचे बाकीचे सारे जागच्या जागी थिजलेले असतात. कोर्टाला हवी होती शांतता, बेणारेने धरले मौन, आणि ती बोलली तेव्हा कोर्ट स्तब्ध झाले. तिन्हींना 'सायलेन्स' म्हणून पाहावे, म्हणजे नाटकाचे काय होते ते कळेल.

खऱ्या कोर्टातलाही एक दाखला आहे. केरळातील तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढण्यात आले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले आणि भाषणस्वातंत्र्यात न बोलण्याचे स्वातंत्र्यही येते, असे मानले. आमच्या शिक्षकांना मी हा निकाल सांगतो तेव्हा शब्दाशी अडखळतो. 'मौनाचा हक्क' म्हटले की सगळे माना डोलावतात. 'गप्प बसण्याचा हक्क' म्हटले की हसू फुटते, कारण आमच्या वर्गांत गप्प बसणे हा रोज तासातासाला सुटणारा हुकूम असतो.