निकेलची मोटार

मंडळी, जुनी मोटार दुरुस्त होऊन रंग चढला, की शेवटी तिचे दागिने अंगावर घालायचे. येथेच पुष्कळजण चुकतात. अमेरिकेतील फोर्डची 'मॉडेल ए' घ्या. १९२८-२९ सालच्या गाडीच्या रेडिएटरच्या चौकटीला निकेलचा मुलामा असे. १९३० पासून ती न गंजणाऱ्या पोलादाची झाली. निकेल किंचित पिवळसर, आणि समईसारखे वरचेवर पुसावे लागणारे. क्रोमचा निळसर लखलखाट निराळा. काहीजण १९२८ च्या गाडीलाही क्रोम चढवितात. दिसते झकास, पण साल खोटे पडते की हो! बसवितानाही घाई नको. रंगाला ओरखडा पडला, की गंज तिथूनच शिरतो. स्क्रू आधी सैल लावावेत, चौकट सरळ बसली का पाहावे, मग आवळावेत.