मेंढपाळाची भाषा आणि मुलाची संहिता

बास्क माणूस स्वतःला ‘एउस्काल्दुन’ म्हणवतो. ज्याच्यापाशी एउस्कारा ही भाषा आहे, तो. ओळखीचा आधार वंशापेक्षा भाषेत शोधणाऱ्या या समाजाच्या अमेरिकेतील शाखेचे जे लेखन सर्वमान्य झाले, ते मात्र इंग्रजीत आहे.

रॉबर्ट लॅक्साल्ट (१९२३-२००१) यांचे ‘स्वीट प्रॉमिस्ड लँड’ १९५७ साली प्रसिद्ध झाले. नेवाडाच्या डोंगरांत मेंढरे राखण्यात हयात घालवलेले वडील, डॉमिनिक, ४७ वर्षांनी पिरेनीजमधील मायभूमीला जातात. मुलगा सोबत असतो. कथानक एवढेच. आप्तांच्या गाठीभेटी होतात, आणि अखेरीस आपण आता येथले उरलो नाही हे वडिलांना उमगते. या ठिकाणी लेखक भाष्य टाळतो, हा त्याच्या संयमाचा पुरावा होय. पण निवेदन मुलाचे आहे. वडील ज्या भाषेत घडले, ती संहितेच्या पृष्ठभागाखालीच राहते; त्यांचे मौन मुलाच्या इंग्रजीने भरून निघते. पुस्तकाचा काळही लक्षात घ्यावा लागतो. भटक्या बास्क मेंढपाळाला गोपालक तुच्छ लेखत, कुरणांवरून तंटे होत. १९३४ च्या टेलर चराई कायद्याने सरकारी कुरणे परवान्याखाली आली आणि स्वतःची जमीन नसलेल्या फिरत्या कळपांची वाट बुजली. म्हणजे मेंढपाळाला वाङ्मयीन प्रतिष्ठा लाभली ती त्याची जुनी जीवनपद्धती मोडल्यानंतर.

पुढे नेवाडा विद्यापीठात १९६७ साली बास्क अध्ययनाचा उपक्रम सुरू झाला. विल्यम डग्लस व जॉन बिल्बाओ यांचा ‘अमेरिकानुआक’ (१९७५) हा बृहद्‌ग्रंथ त्याचेच फळ. त्याचे शीर्षक बास्क, ग्रंथ इंग्रजी.

याच्या उलट दिशेने बेर्नार्दो अत्सागा येतात. ‘सोइनुजोलेआरेन सेमेआ’ (२००३) या मूळ बास्क कादंबरीचा नायक कॅलिफोर्नियातील पशुपालनाच्या मळ्यावर बसून आपल्या आठवणी बास्कमध्येच लिहितो; पत्नीला ती भाषा वाचता येत नाही. लॅक्साल्ट वाचक मिळवतात आणि भाषा गमावतात. अत्सागांचा नायक भाषा राखतो, घरातला वाचक गमावतो. या दोहोंत श्रेष्ठकनिष्ठ ठरवण्याची घाई समीक्षेने करू नये.

मग मेंढपाळाने स्वतः काहीच लिहिले नाही काय? लिहिले, पण कागदावर नव्हे. उन्हाळी कुरणांतील अ‍ॅस्पेन वृक्षांच्या सालीवर त्याने नाव, गाव, साल, एकटेपणाची तक्रार, क्वचित अश्लील चित्रेही कोरली; बास्क, स्पॅनिश, फ्रेंच अशा तिन्ही भाषांत. कोरताना रेघ बारीक ठेवावी लागे. झाडाची जखम भरताना ती काळी व रुंद होई आणि मजकूर काही वर्षांनीच वाचता येई. या लेखनाची नोंद होसे मालेआ-ओलाएत्से यांनी ‘स्पीकिंग थ्रू द अ‍ॅस्पेन्स’ (२०००) या ग्रंथात केली, तीही इंग्रजीतच. अ‍ॅस्पेनच्या खोडाचे आयुष्य साधारणपणे शंभर वर्षांच्या आसपास असते. विसाव्या शतकाच्या आरंभीची अक्षरे आता खोडांबरोबर कोसळत आहेत.