मृगवन आणि कुरण

शिकारीच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं संग्राहकांची नजर शस्त्रें, चित्रें व बखरींतील वर्णनें यांकडे जाते. परंतु हरणें ज्या जमिनीवर वाढलीं ती कोणीं व कशी राखली, आणि पुढील पिढीच्या हातीं ती कोणत्या स्थितींत आली, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखकाच्या मतें तोच प्रश्न मुख्य होय.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, दुसऱ्या अधिकरणाच्या दुसऱ्या अध्यायांत, राजाच्या विहारासाठीं मृगवन कसें करावें हें सांगितलें आहे. एकच द्वार, भोंवतीं खंदक, गोड फळांचीं झुडपें, कांटे नसलेले वृक्ष, उथळ जलाशय, माणसाळलेलीं हरणें. हिंस्र पशु ठेवावयाचे तेही नखें व दाढा मोडून. यांत शौर्यापेक्षां निगराणीच अधिक दिसते. अशा वनांत कोंवळ्या वयाच्या राजपुत्रासही निर्धास्तपणें नेतां येईल. सर्व पशूंस अतिथींप्रमाणें थारा देणारें दुसरें मृगवनही तेथेंच सांगितलें आहे. पुढें सूनाध्यक्षाच्या प्रकरणांत, जिवंत मृगपक्ष्यांचा सहावा भाग अभयवनांत सोडून द्यावा, अशी आज्ञा आहे. मनूनें ज्या मृगयेस घोर व्यसनांत घातलें, तिची बाजू आठव्या अधिकरणांत कौटिल्य द्यूताविरुद्ध घेतो. व्यायाम घडतो, चल लक्ष्यावर नेम बसतो, भ्यालेल्या व चिडलेल्या पशूचें मन कळतें, हीं त्याचीं कारणें होत.

असें राखलेलें रान एका घराण्यांत कसें चालत आलें याचें अलीकडचें उदाहरण सौराष्ट्रांतील भावनगर संस्थानचें आहे. तेथील राजे भावसिंहजी (१८७५–१९१९) व आपले शाहू छत्रपति हे धारवाड येथें फ्रेझरसाहेबांच्या हाताखालीं बरोबर शिकले. पुढें दोन्ही दरबारांनीं काळविटांच्या शिकारीसाठीं चित्ते पाळले, व देशी चित्ते दुर्मिळ झाल्यावर ते आफ्रिकेंतून आणविले. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता बैलगाडींतून कळपाजवळ नेत. शेतकऱ्यांच्या गाड्या नित्याच्या असल्यानें काळवीट फारसे बुजत नसत. टोपी काढतांच झेप. थोड्या अंतरांत सावज न सांपडल्यास चित्ता नाद सोडी. बच्चेपणीं धरलेला चित्ता मात्र निरुपयोगी समजत. शिकार तो आईजवळच शिकतो, म्हणून तिनें तयार केलेला मोठा चित्ताच पकडावयाचा!

या खेळास झाडी नको, सपाट मोकळें गवत हवें. वेळावदरचें गवताळ रान दरबारानें त्यासाठींच राखिलें. गवतासाठीं राखलेल्या जमिनीस तिकडे वीडी म्हणतात. आपल्या दप्तरांतील कुरण तें हेंच. भावसिंहजी वारले तेव्हां थोरले कृष्णकुमारसिंहजी सात वर्षांचे, धाकटे धर्मकुमारसिंहजी दोनच वर्षांचे. वडिलांचें बोट धरून रान पाहण्याचें भाग्य धाकट्यास लाभलें नाहीं. रान मात्र राहिलें होतें. त्यांनींच पुढें सौराष्ट्रांतील पक्ष्यांवर ग्रंथ लिहिला (१९५५), आणि त्यांच्या वन्य जीवनाच्या आठवणी त्यांच्या पश्चात् १९९८ सालीं छापल्या गेल्या. चित्त्याची शिकार डोळ्यांनीं पाहिलेल्या अखेरच्या पिढींतले ते होत.

१९४८ सालीं संस्थानी कारभार संपला. भारतांतून चित्ता नष्ट झाल्याचें १९५२ सालीं जाहीर झालें, १९७२ च्या कायद्यानें काळविटाची शिकार बंद झाली, व १९७६ सालीं वेळावदर राष्ट्रीय उद्यान ठरलें. पावसाळ्यांत तणमोर तेथें अजून वीण करितो. परंतु वेडी बाभूळ गवतांत शिरली आहे, ती उपटावी लागते. कांटे नसलेले वृक्ष असावे हें कौटिल्याचें कलम येथें आठवावें. मौज अशी कीं तिच्या शेंगा काळवीटच आवडीनें खातात आणि बी रानभर पसरवितात.

आपल्याकडील सरकारी कुरणांचे कागद, गवताच्या गंज्यांचे हिशेब व राखणदारांच्या नेमणुका मोडींत पडून आहेत. शिकारीचें चित्र विकत घेणारे संग्राहक असले रुमाल बहुधा उलगडूनही पाहत नाहींत.