पहिली घंटा

माझा नातू संगणकाच्या कामात आहे. परवा फोनवर म्हणाला, "आजोबा, रात्रभर एक बग शोधतोय. कधीतरीच दिसतो, बघायला गेलं की गायब." मी मराठी माध्यमाचा बी. ए., मला काय कळणार! पण त्यावरून त्याने १९८१ सालची एक हकीकत सांगितली. इतिहासाच्या मास्तराला ती सोडवेना, मग वाचत बसलो.

१० एप्रिल १९८१. कोलंबिया यानाचं पहिलं उड्डाण. आत जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन. यानावर पाच संगणक. चौघांवर एकच प्रणाली, आयबीएमची. पाचवा राखीव. त्याची प्रणाली रॉकवेलने मुद्दाम वेगळी लिहिलेली, एकीकडची चूक दुसरीकडे उतरू नये म्हणून. उड्डाणाला वीसेक मिनिटं उरली आणि पाचवा काही केल्या चौघांच्या तालात येईना. उड्डाण रद्द!

चौघांचं एकमत असताना पाचवा वेगळं बोलला की दोष कुणावर जातो, हे मी वर्गात तीसेक वर्षं पाहिलंय. (स्वतःही दिलाय, कबूल करतो.) इथे बरोबर होता तो पाचवाच.

आमच्या शाळेत पहिली घंटा चार मिनिटं लवकर झाली, तर सगळेच तास चार मिनिटं लवकर व्हायचे. आतल्या कुणाला पत्ता नाही. कळायचं ते बाहेरून, रेडिओवर घड्याळ लावून आलेल्या पालकाला. तसंच हे. पहिला संगणक चालू होताना आरंभाची वेळ ठरवायची, ती कार्यप्रणाली टायमरच्या रांगेवरून घ्यायची. रांग रिकामी असणार, म्हणजे आत्ताचीच वेळ मिळणार, असा हिशेब. पण दोनेक वर्षांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी त्याआधी एक छोटा विलंब घातला. त्याची नोंद रांगेत जाऊन बसली, किंचित पुढच्या वेळेची. नंतर तो विलंब जरासा वाढवला, आणि ६७ वेळांत एकदा आरंभच चुकू लागला. मग काही कामं एक फेरा, म्हणजे ४० मिलिसेकंद, आधी व्हायची. पाचवा आपला ठरल्या वेळी कान देऊन बसलेला. अवेळी आलेलं सगळं तो गोंगाट समजून सोडून द्यायचा.

सरावात कुणाला दिसलं नाही, कारण सराव बहुधा मधूनच सुरू करत. अगदी पहिलं बटण दाबण्यापासून क्वचितच.

आणि उपाय काय केला? चौघांना बंद करून पुन्हा चालू केलं, वेळ नीट पडली ना ते तपासलं, आणि १२ तारखेला यान उडवलं. गागारिनच्या उड्डाणाला त्या दिवशी बरोबर वीस वर्षं झाली होती. दोष मात्र आत तसाच! एकदा आरंभ बरोबर झाला की तो पुढे त्रास देत नाही, हे त्यांना आता समजलं होतं. त्या दोघांच्या जागी माझा मुलगा असता तर मला हे पटलं असतं का? नाही सांगता येत.

नासाच्या जॉन गारमन यांनी त्याच वर्षी ही सगळी हकीकत लेख लिहून जगापुढे मांडली. १९६९ मध्ये चंद्रावर उतरताना संगणकाने १२०२ चा इशारा दिला, तेव्हा पुढे जायला हरकत नाही असं जमिनीवरून सांगणारा चोवीस वर्षांचा पोरगा तो हाच.

काल नातवाला विचारलं, "सापडला का रे तुझा?"

"नाही आजोबा, पुन्हा दिसलाच नाही. साहेब म्हणतात, सोडून दे."

"मग आहे तो अजून," मी म्हटलं.