स्वस्त विमानसेवा : सुरक्षितता आणि विश्वासार्हता

स्वस्त विमानसेवेच्या चर्चेत सुरक्षितता व विश्वासार्हता यांची नेहमी गल्लत होते. दादर-नायगावची स्प्रिंग मिल ज्यांची, त्या वाडिया समूहाने २००५ मध्ये सुरू केलेल्या 'गोएअर'च्या इतिहासात हा भेद स्पष्ट दिसतो. तपासणीचे व वैमानिकांच्या परवान्याचे नियम स्वस्त-महाग सर्व कंपन्यांना सारखेच. सुमारे साडेसतरा वर्षांत तिच्या विमान-अपघातात एकही प्रवासी दगावला नाही. जादा इंजिने आणि गंगाजळी मात्र कंपनीच्या ऐपतीवर अवलंबून. निम्म्याहून अधिक विमाने इंजिनांअभावी जमिनीवर खिळली (कंपनीने दोष इंजिन-उत्पादकाला दिला) आणि ३ मे २०२३ रोजी उड्डाणे थांबली. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीच्या अवसायनाचा आदेश निघाला. आगाऊ तिकीट काढलेला प्रवासी सुखरूप राहिला, पण परताव्यासाठी धनको म्हणून दावेदारांच्या रांगेत उभा राहिला.